जानेवारीत दिलेला शब्द

मी एकेकाळी कबड्डी खेळायचे, हे आता माझ्याकडे बघून कुणाला पटत नाही. दोन्ही गुडघे कुरकुरतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो. पण मी दहावीत होते तेव्हा विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतच्या शाळांमध्ये चढाईची मुलगी म्हणून मला ओळखत. ही बढाई नाही. पुढे जे घडलं ते या ओळखीमुळेच घडलं, म्हणून आधी हे सांगावं लागतं.

आम्ही कांजूरमार्गला चाळीत राहायचो. वडील भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. मूळचे मालवणकडचे, इतकी वर्षं मुंबईत काढली तरी मला हाक मारताना ‘गो’ सुटलं नाही. माझी मैत्रीण गावठाणातली. ते लोक तिथले जुने, ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारे. तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते. आई मागच्या वाडीत भाजी लावायची आणि सकाळी स्टेशनबाहेरच्या बाजारात विकायला बसायची.

आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावर होतो आणि सातवीपासून एका संघात. मी चढाईला जायची, ती डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. चढाई करणारीचं नाव होतं, टाळ्या तिला मिळतात. कोपऱ्यातली मुलगी वाट बघत उभी असते. समोरची आत आली, पाय पुढे टाकला, की खाली बसून घोटा धरायचा. माझ्या मैत्रिणीने घोटा धरला की सुटलेली मुलगी मी पाहिली नाही. सरावात ती मला रोज धरायची. मी हूल द्यायला शिकले ती तिच्यामुळे.

दहावीच्या वर्षी आम्ही शाळांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेलो. नाताळची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा मैदानाच्या कडेला एक गृहस्थ दिसायला लागले. बुटके, पांढरी पँट, खिशात घडी केलेला रुमाल. स्कूटर लावून तिच्यावरच बसायचे आणि आमचा सराव बघायचे. चार दिवस आले. पाचव्या दिवशी आमच्या खेळाच्या बाईंशी बोलले, आणि त्या रविवारी आमच्या घरी आले. मुलुंडच्या एका कॉलेजचे ते खेळाचे सर होते.

चाळीत एखाद्याकडे कॉलेजचे सर येणं ही साधी गोष्ट नव्हती. दारात शेजारच्या तीन बायका उभ्या होत्या. आई चहा ठेवायला गेली आणि आतूनच ऐकत राहिली. सर खाटेच्या टोकावर बसले आणि सरळ मुद्द्यावर आले.

“जूनमध्ये सगळ्याच येतात हो,” ते वडिलांना म्हणाले. “तेव्हा मार्कशीट हातात असते, चार कॉलेजं मागे लागलेली असतात. मला आत्ता हो म्हणणारी मुलगी पाहिजे. मुलींच्या कबड्डीसाठी माझ्याकडे खेळाडूंच्या दोन जागा आहेत. एक हिला देतो, एक हिच्या मैत्रिणीला. जोडी आहे त्यांची, जोडीच नेईन.”

“निकाल तरी लागूंदे,” वडील म्हणाले. “आत्ताच कशाला?”

“कारण अजून दोघी विचारतायत. तुम्ही हो म्हणालात तर उद्या मी त्यांना नाही म्हणून सांगणार. मग त्या दुसरीकडे बघतील. त्यांना लटकत ठेवणं मला जमत नाही.” मग त्यांनी आवाज थोडा खाली आणला. “आणि निकालानंतर हिला मागणारे पुष्कळ भेटतील. मैत्रिणीला नाही भेटणार. तिचे मार्क मी बाईंना विचारलेत. खेळाच्या जागेवर आली तरच ती अकरावी बघेल.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. “तुझा काय गो? तू खेळतंस, तूच सांग.”

मी हो म्हणाले. विचार करायला एक दिवसही मागितला नाही. मैत्रिणीचं भलं होईल म्हणून म्हणाले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नव्हतं. दारात त्या तीन बायका उभ्या होत्या आणि एक मोठा माणूस माझ्यासाठी आमच्या घरी येऊन खाटेच्या टोकावर बसला होता. त्याला नाही म्हणायची मजा हो म्हणण्याइतकी नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. “शब्द दिलास म्हणे.”

“हो बाई.”

“थांबावंसं वाटत असेल तर आजच सांग. मी बोलते सरांशी. त्यांना राग येणार नाही, जानेवारीच आहे अजून. पण एकदा त्यांनी त्या दोघी मुलींना नाही म्हटलं की मग मागे फिरायचं नाही.”

“नाही फिरणार बाई.”

मैत्रिणीला मी शाळा सुटताना सांगितलं. तिने आधी विश्वासच ठेवला नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी अकरावीला जाणार? मी?” आणि दप्तर तिथेच टाकून घराकडे पळाली. संध्याकाळी तिची आई आमच्याकडे पिशवीभर ओले वाल घेऊन आली. माझ्या आईला म्हणाली, “तुमच्या मुलीमुळे झालं हे.”

दहावीची परीक्षा झाली. मे महिन्यात उपनगरच्या कुमारी संघासाठी अंधेरीला निवड शिबिर होतं. मला बोलावणं आलं, तिला आलं नाही. शिबिरात रोज सकाळी एक उंच सर येत. निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी आणि त्याशिवाय एक स्टॉपवॉच. अंधेरीच्या ज्या कॉलेजच्या मुली तेव्हा सगळ्या स्पर्धा जिंकत, त्या कॉलेजचे हे सर. त्यांच्या मुली आम्हाला सरावाला प्रतिस्पर्धी म्हणून येत. सगळ्यांचे बूट सारखे. त्यातल्या दोघी महाराष्ट्राकडून खेळलेल्या. त्यांच्याबरोबर पाच दिवस खेळले आणि मला आमचं शाळेचं मैदान अगदीच लहान वाटायला लागलं.

सहाव्या दिवशी त्या सरांनी विचारलं, “अकरावीचं कुठे ठरवलंस का?”

“मी शब्द दिलाय” हे तीन शब्द तोंडापर्यंत आले होते. मी म्हणाले, “नाही सर, अजून काही ठरवलं नाही.”

“मग आमच्याकडे ये. निकाल लागला की मार्कशीट घेऊन सरळ मला भेट. दोन वर्षांत तुला राज्याच्या संघात बसवतो.”

“सर, माझी एक मैत्रीण आहे. डावा कोपरा खेळते. फार चांगली पकड आहे.”

“कोपऱ्याला आहेत गं आमच्याकडे मुली,” ते म्हणाले आणि पुढे निघून गेले.

मी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शिबिर संपवून घरी आले त्या संध्याकाळी मैत्रीण येऊन बसली. तिला सगळं ऐकायचं होतं. मी तिला बोरिवलीच्या मुलींच्या गमती सांगितल्या, जेवणात रोज दुधी असायचा ते सांगितलं, कोण कशी धावते ते सांगितलं. उंच सरांचं सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, निकाल तर लागू दे. निकालानंतर ठरवू. जानेवारीत जे ठरवून टाकलं होतं ते मी जूनमध्ये पुन्हा ठरवायला काढलं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला. ती काठावर पास झाली, आणि आनंद माझ्यापेक्षा तिला जास्त झाला. दोन दिवसांनी मुलुंडच्या सरांनी शाळेत बाईंकडे दोन फॉर्म पाठवले. वर कोपऱ्यात त्यांची सही केलेली होती. शेवटचा दिवस गुरुवार, दुपारी एकपर्यंत. सोबत मूळ मार्कशीट जोडायची.

फॉर्म इंग्रजीत होता म्हणून तिचाही मीच भरला, आमच्या घरी, पाटावर ठेवून. तिने स्टुडिओत जाऊन फोटो काढून आणला होता. केस चप्प बसवलेले आणि डोळे अर्धे मिटलेले. “काय यार, नेमका फ्लॅश उडाला,” ती म्हणाली. “घेतील ना असा?” मी म्हटलं, घेतील. तिने आईची सही आणली, मार्कशीट जोडली आणि सगळं माझ्या हातात दिलं. “तूच दे दोन्ही. मला सकाळी बाजारातून उठता येत नाही, आईचा पाय सुजलाय.”

मी दोन्ही फॉर्म घेतले. तेव्हा माझी मार्कशीट माझ्याकडे नव्हती. आदल्या दिवशी वडिलांना घेऊन मी अंधेरीला जाऊन आले होते. मार्कशीट त्या कॉलेजच्या खिडकीत गेली होती. परत येताना घाटकोपरच्या बसमध्ये वडिलांनी विचारलं होतं, “त्या मुलुंडच्या सरांक सांगितलंस?”

“सांगते,” मी म्हटलं.

“आणि तुझ्या मैत्रिणीचा?”

“तिचं होईलच. सरांनी कबूल केलंय.”

वडिलांनी पुढे विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

बुधवारी सकाळी मी मुलुंडला गेले. पिशवीत दोन फॉर्म, त्यातला माझा नुसता नावाला भरलेला. मनात ठरवलं होतं की सरांना भेटायचं, काय ते सांगून टाकायचं आणि मैत्रिणीचा फॉर्म द्यायचा. कॉलेजच्या फाटकातून आत पाहिलं. खिडकीजवळच्या बदामाच्या झाडाखाली सर उभे होते. हातात यादी होती. एकेक खेळाडू आला की त्याचा फॉर्म स्वतः बघत, खिडकीत देत, यादीवर खूण करत. एका मुलाच्या पाठीवर थाप मारून हसले. मला वाटलं, आता मी गेले की ते असेच हसतील आणि म्हणतील, ये, तुझीच वाट बघत होतो.

मी फाटकातूनच परत फिरले. स्टेशनवर बाकावर बसून राहिले. उद्याचा दिवस आहे, असं म्हटलं.

संध्याकाळी मैत्रीण मैदानावर भेटली. “सर काय म्हणाले?”

“गर्दी होती गं,” मी म्हणाले. तिने मान हलवली आणि सरावाला उभी राहिली. आत जाऊन फॉर्म दिला का, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी मी घरातून निघालेच नाही. दोन्ही फॉर्म भूगोलाच्या ॲटलासमध्ये ठेवले होते. आईने विचारलं, जायचं नाही का? मी डोकं दुखतंय म्हणाले. तिचा एकटीचा फॉर्म नेला असता तर सरांनी माझा विचारला असता. तिला स्वतःला पाठवलं असतं तर तिने कारण विचारलं असतं. दोन्हीकडे मला तोंड उघडावं लागलं असतं. मला तिचं वाईट करायचं नव्हतं. पण एक वाजता खिडकी बंद होते हे मला माहीत होतं, आणि एक वाजला तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते.

सोमवारी यादी लागली. बाजार आटोपून ती परस्पर मुलुंडला गेली. दुपारी आमच्या दारात आली तेव्हा धापा टाकत होती.

“आपली नावं नाहीत. सरांना विचारलं. ते म्हणतात फॉर्मच आले नाहीत.”

मी तयारच होते. रविवारभर तेच वाक्य मनात घोळवत होते. “बुधवारी गर्दी होती म्हणून परत आले. मला वाटलं शनिवारपर्यंत मुदत आहे. तारीख वाचताना चुकले मी.”

“शनिवारी गेलीस?”

“शनिवारी खिडकी बंद होती.” हे मी तिथल्या तिथे रचलं.

ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, “तुझं पण गेलं मग.”

तेव्हा मला अंधेरीचं सांगावं लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिची मार्कशीट आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा फोटो लावलेला तो फॉर्म मी ॲटलासमधून काढून तिला दिला. ती घेऊन गेली.

वडिलांना संध्याकाळी कळलं. तारीख चुकली हीच गोष्ट मी त्यांनाही सांगितली. त्यांनी जेवण संपवलं. मग म्हणाले, “उद्या अर्धी रजा टाकतंय. तिला पण बोलव. तिघा जाऊया.”

मंगळवारी आम्ही तिघं मुलुंडला गेलो. वडील कारखान्याच्या कपड्यांतच होते. खिडकीतल्या क्लार्कला त्यांनी हात जोडून सांगितलं, “माझ्या मुलीची चूक आहे साहेब. तारीख विसरली. या पोरीचा त्यात काही नाही.” क्लार्क म्हणाला, यादी बंद झाली, सरांना भेटा.

सर जिमखान्याच्या खोलीत होते. त्यांनी आधी मैत्रिणीला विचारलं, “तू का नाही आलीस बाळ?”

“ही देणार होती,” ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. “तू अंधेरीला गेलीस ते मला शनिवारीच कळलं. चांगलं कॉलेज आहे. मे महिन्यात येऊन सांगितलं असतंस तरी मी काही म्हटलं नसतं. हिला एकटीलाही घेतलं असतं.” मग वडिलांना म्हणाले, “दोन्ही जागा शुक्रवारी गेल्या. प्रतीक्षा यादीतल्या मुली आहेत. त्यांना आता काढू का?”

“नको,” वडील म्हणाले.

“जानेवारीत ज्या दोघींना मी नाही म्हटलं, त्यातल्या एकीने शाळाच सोडली म्हणतात. मला ते आधी माहीत नव्हतं.” एवढं बोलून सर खिडकीबाहेर बघत बसले. आम्ही निघालो.

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, “अंधेरीला जायचा की नाय, ता तुझा तू ठरव. मी सांगणार नाही.” मी आठ दिवस विचार केल्यासारखं दाखवलं. मग अंधेरीला गेले.

पुढचं पाहिलं तर माझं तसं बरंच झालं. पहिलं वर्ष मी राखीव खेळाडूंत बसले. दुसऱ्या वर्षी नियमित खेळले, राज्याच्या संघात मात्र आले नाही. मैत्रिणीला त्या वर्षी कुठेच प्रवेश मिळाला नाही. ऑगस्टमध्ये ती अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत बॉलपेन जुळवायच्या कामाला लागली. म्हणजे आम्ही दोघी सकाळी एकाच बसला घाटकोपरहून अंधेरीला जायचो.

सुरुवातीला तिने माझ्यासाठी जागा धरली. शेजारच्या सीटवर डबा ठेवायची आणि मी चढले की उचलायची. मला तिच्या शेजारी बसवेना. मी पुस्तक उघडायची, परीक्षा आहे म्हणायची. मग मी एक बस आधीची धरायला लागले. तीन-चार दिवस ती रांगेत मला शोधताना दिसली. एकदा मी आधीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि ती नुकतीच रांगेत येऊन उभी राहिली होती. तिने हात केला. बस सुटेपर्यंत मी चपलेचा बंद नीट करत खाली वाकून राहिले. त्यानंतर तिने शोधायचं सोडलं.

कामावरून आल्यावर ती गावठाणाजवळच्या एका मंडळाकडून खेळायची, असं कानावर यायचं. बारावीच्या वर्षी कुर्ल्याला महिलांची खुली स्पर्धा होती, तिथे आमच्या कॉलेजसमोर तेच मंडळ आलं. ती डाव्या कोपऱ्यात उभी होती. मनगटं जाड झाली होती, केस कापलेले होते.

पहिल्या चढाईला मी तिच्या बाजूला गेलेच नाही. बाहेरून आमचे सर ओरडले, डावीकडे जा, ती मुलगी हलतच नाही. दुसऱ्या चढाईला गेले. हूल दिली, ती फसली नाही. पाय मागे घेण्याआधी घोटा तिच्या हातात होता. मी पडले, मातीत तोंड गेलं, तिच्या संघाच्या मुली वरून पडल्या. पंचांनी शिट्टी दिली तशी तिने लगेच हात सोडले आणि मला उठायला हात दिला. त्या सामन्यात तिने मला तीन वेळा धरलं. तरी जिंकलो आम्हीच, आमचा संघच भारी होता.

सामना संपल्यावर पाण्याच्या पिंपाजवळ ती पाय धूत होती. मी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिनेच सुरुवात केली.

“तुझा डावा पाय अजून आधी येतो. तसाच राहिला.”

“हो.”

“कॉलेज झकास आहे ना?”

“हो. तुझं कसं चाललंय?”

“बरं आहे. सुपरवायझर केलंय मला.” तिने पाय पुसले. मी तिथेच उभी राहिले. मग मी म्हणाले, “तो फॉर्म. माझी तारीख चुकली नव्हती.”

ती थांबली.

“मला माहीत होतं गुरुवार आहे ते. सरांसमोर जायला तोंड नव्हतं म्हणून नाही गेले. तुझा फॉर्म घरीच होता.”

ती रुमालाची घडी घालत राहिली. चिडेल असं वाटलं होतं, रडेल असंही वाटलं होतं. ती म्हणाली, “आई म्हणायची मुद्दाम ठेवला असेल. बाई पण एकदा तसं म्हणाल्या. मी सगळ्यांशी भांडले गं. म्हटलं, नाही, तिची तारीख चुकली. दोन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगतेय.”

मी सॉरी म्हणाले. तो शब्द तिथे अगदी पोकळ वाजला. तिला मंडळाच्या मुली हाका मारत होत्या. “जाते,” ती म्हणाली. पिशवी खांद्याला लावून गेली, मागे वळून पाहिलं नाही. घाईत होती की पाहायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडिलांना सांगितलं. त्यांना दोन वर्षांनी हे सांगणं मला तिला सांगण्यापेक्षा जड गेलं. ते दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे त्या खिडकीत मी हात जोडून खोटा बोललंय.” उरलेली दाढी केली, शर्ट घातला, म्हणाले, “चल.”

रविवार होता. आम्ही गावठाणात गेलो. मैत्रीण सरावाला गेली होती. तिची आई ओट्यावर सुपात शेंगा निवडत बसली होती. तिने आम्हाला बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. वडील उभेच राहिले. म्हणाले, “माझ्या मुलीक तुमका काय सांगायचा आसा.” मी सांगितलं. या वेळी सगळं, शिबिरापासून.

तिच्या आईने निवडणं थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, “काल रात्री माझी मुलगी जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, पोट भरलंय. हे होतं होय.”

तिने सुपातल्या शेंगा हाताने पसरल्या.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” ती वडिलांना म्हणाली. “माझं मला माहीत होतं ते पुरे होतं. तिला माहीत नव्हतं ते बरं होतं. कामाला जाते, खेळते, तिचं नीट चाललं होतं. तिला एक मैत्रीण होती असं तिला वाटत होतं. ते कशाला काढून घेतलंत आता?”

खरं बोलून मोकळं व्हायचं ही माझी गरज होती. फॉर्म ठेवून घेतला तेव्हा जसा मी फक्त माझाच विचार केला, तसाच पाण्याच्या पिंपाजवळ केला. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी मला तो चांगुलपणा वाटला होता.

तिची आई वाईट बोलली नाही. निघताना म्हणाली, “ती येईल एवढ्यात. तुम्ही जा आता.”

गावठाणातल्या क्रुसाच्या कोपऱ्यावरून वळलो तेव्हा समोरून ती येत होती, हातात बूट, पाय मातीने भरलेले. वडील थांबले. तिने त्यांना नमस्कार केला, “बरे आहात ना काका?” असं विचारलं. वडील हो म्हणाले. माझ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी, आणि घराकडे गेली.